तारीख माग, माफी मागू नकोस

प्रिय मुली,

परवा पाडव्याच्या जेवणाला तू बाळाच्या पिशवीतून ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या नागरिकांत बसायचं, कोर्टाचं समन्स काढलंस, तेव्हा तुझ्याभोवती सहा माणसं होती आणि सहाही जण तुला सुटायच्या वाटा दाखवत होते. एकजण म्हणाला, फॉर्मवरच्या 'इंग्रजी येत नाही' या चौकटीत खूण कर. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, तब्येत बरी नाही म्हणून लिही. कुणीतरी म्हणालं, फेकून दे, कोण विचारतंय. तू नुसती मान डोलावत होतीस आणि मांडीवरचं बाळ पदर ओढत होतं. निघताना गाडीपाशी मला हळूच म्हणालीस, "मावशी, मला खरं तर जायचंय. पण हा बाटली तोंडात घेत नाही." त्या वाक्यासाठी हे पत्र.

नागरिकाचं कर्तव्य वगैरे मी तुला सांगत बसणार नाही. गेल्या वर्षी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेऊन आलीस तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिला आहे. म्हणून थेट सांगते: तारीख माग, माफी मागू नकोस. माफी म्हणजे या कामातून सुटका, तारीख म्हणजे नुसती पुढची वेळ.

आपल्या कॅलिफोर्नियात अंगावर पाजणाऱ्या आईला ज्युरीचं बोलावणं एक वर्षापर्यंत पुढे ढकलून मागता येतं. २००० साली इथल्या विधिमंडळाने तसा कायदा केला. त्यासाठी कोर्टात हजर व्हावं लागत नाही, कुणासमोर उभं राहून छातीबद्दल बोलावं लागत नाही. लेखी कळवायचं, बस. वर्ष सरलं आणि तरी तू पाजतच असलीस, तर पुन्हा लेखी मागायचं. समन्स नीट उलटून बघ, ही सोय त्याच्यावर छापलेली असायला हवी असं कायदाच म्हणतो. सहा माणसांनी तो कागद हातात घेतला आणि एकानेही वाचला नाही, याचा मला अजून राग आहे.

या कायद्याने तुला सूट मिळत नाही, मुदत मिळते, आणि मला त्याचं कौतुक आहे ते त्यासाठीच. बोलावणं पुढे जातं, नाव यादीत राहतं. २०१३ साली मिझुरी राज्यात एक आई बाळाला कडेवर घेऊनच ज्युरीच्या बोलावण्याला गेली, कारण तिचं बाळही बाटली घेत नव्हतं. तिच्यावर कोर्टाचा अवमान केल्याबद्दल कारवाई सुरू झाली. पुढे ती मागे घेतली गेली, आणि दुसऱ्या वर्षी तिथे कायदा झाला की डॉक्टरांचा लेखी दाखला दिला की पाजणाऱ्या आईला ज्युरीतून मोकळं करायचं. त्या बाईने सोसलं म्हणून बाकीच्यांची सोय झाली, हे खरंच. तरी मला आपल्याकडची रीत जास्त पटते. मोकळं केलेलं माणूस हळूहळू विसरलं जातं.

आता त्या चौकटींबद्दल. ज्युरीच्या फॉर्मवर सही करताना तू लिहून देतेस की यातलं सगळं खरं आहे, खोटं निघालं तर शिक्षेला पात्र. आणि नागरिकत्वाच्या मुलाखतीत त्या अधिकाऱ्याच्या प्रश्नांना तू कुठल्या भाषेत उत्तरं दिलीस? तेच सरकार, त्याच तुझ्या सहीखाली, 'मला इंग्रजी येत नाही' असं वाचणार? फेकून द्यायचं म्हणशील तर पहिल्याच खेपेला अडीचशे डॉलर दंड होऊ शकतो, पण दंडाची भीती घालणं हा माझा हेतू नाही. त्या चौकटीत खूण केली की काय होतं ते मला माहीत आहे. मी केली होती. कागदावर नाही, तोंडाने.

१९९६ सालची गोष्ट. नागरिक होऊन मला वर्ष झालं होतं, मुलगा पाच महिन्यांचा. तेव्हा हा कायदा नव्हता. शेजारच्या गुजराती आजींकडे, आम्ही त्यांना बा म्हणायचो, त्याला ठेवलं आणि इथल्याच एका कोर्टात गेले. सकाळी आठपासून मोठ्या हॉलमध्ये बसवून ठेवलं. साडेदहाच्या सुमाराला पान्हा फुटला. तुला सांगायला नको, घड्याळ चुकेल पण छाती चुकत नाही. खिडकीमागच्या बाईंना मी खालच्या आवाजात विचारलं, एखादी खोली आहे का. त्यांनी स्वच्छतागृहाकडे बोट दाखवलं. तिथल्या बेसिनमध्ये मी हाताने दूध पिळून टाकलं. शेजारी एक बाई लिपस्टिक लावत होती, तिने आरशातून बघितलं आणि नजर वळवली. बाळाचं दूध नळाच्या पाण्याबरोबर जाताना बघणं काय असतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कॅलिफोर्नियात आईला चारचौघांत बाळाला पाजायचा हक्क आहे असं लिहिणारा कायदासुद्धा १९९७ चा, म्हणजे माझ्यानंतरचा.

दुपारी आम्हा साठेक जणांना कोर्टरूममध्ये नेलं. आरोपी एक बाई होती, आपल्याकडचीच. पंजाबी असावी, सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, आणि शेजारी दुभाष्या. दुकानातल्या चोरीचा आरोप होता. न्यायाधीशांनी विचारलं, कुणाला काही अडचण आहे का. हात वर झाले. कुणाचं विमान होतं, कुणाचं दुकान. मीही हात वर केला. ब्लाउज पुन्हा ओला व्हायला लागला होता आणि साठ माणसांसमोर, त्यातही निम्मे पुरुष, 'मी बाळाला पाजते आहे' हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. मी म्हणाले, माझं इंग्रजी चांगलं नाही.

मी पुण्यात बी.ए. इंग्रजी घेऊन केलं होतं.

न्यायाधीशांनी अगदी प्रेमाने मला जायला सांगितलं. दाराकडे जाताना त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. साठ माणसांत तिच्यासारखा दिसणारा चेहरा एक माझाच होता, आणि तो उठून चालला होता. ती ओढणी सावरते कशाला, खाली मान का घालते, विचारलं की चटकन उत्तर का देत नाही, हे त्या बाकावर बसलेल्यांपैकी कुणाला कळलं असतं? त्या खटल्याचं पुढे काय झालं, मी कधी विचारलं नाही. कदाचित ती सुटली असेल. कदाचित चोरी केलीही असेल. मला एवढंच माहीत आहे की भाषेची खरी अडचण तिची होती आणि ती मी माझ्या नावावर सांगितली.

तू म्हणशील, मावशी, बाळ भुकेलं होतं, तू तरी काय करणार होतीस. बरोबर आहे. संध्याकाळी बांनी दार उघडलं तेव्हा तो रडून निळा पडला होता. नियम माझ्या बाजूने नव्हता, खोली नव्हती, दूध काढायचा पंप नव्हता. हे सगळं मी स्वतःला हजारदा सांगितलं आहे आणि आज तुलाही सांगते आहे, म्हणजे अजून माझी बाजू मांडणं संपलेलं नाही. पण न्यायाधीशांना खरं सांगून तारीख मागता आली असती. ते नाही म्हणाले असते, तर तो नकार त्यांचा झाला असता. मी त्यांना नाही म्हणायची वेळच येऊ दिली नाही. म्हणून म्हणते, तारीख माग, माफी मागू नकोस. माफी मागितली की आपण काही गुन्हा केल्यासारखे मागच्या दाराने बाहेर पडतो आणि आपल्यामागे ते दार लागतं.

ते दार किती सहज लागतं ते ऐक. फ्लोरिडात एके काळी बायकांना ज्युरीत यायला बंदी नव्हती, फक्त सवलत होती. जिला यायचंय तिने कोर्टात जाऊन आपणहून नाव नोंदवायचं. घर सांभाळणाऱ्या बाईला त्रास नको, म्हणून. १९५७ साली तिथे नवऱ्याच्या खुनासाठी एका बाईवर खटला उभा राहिला तेव्हा त्या परगण्यातल्या ज्युरीच्या १०,००० नावांच्या यादीत बायका होत्या १०. तिचा न्याय सहा पुरुषांनी केला. १९६१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात काही वावगं नाही असं ठरवलं, कारण काय तर स्त्री अजूनही घरसंसाराचा केंद्रबिंदू आहे. हे उलटायला १९७५ साल उजाडलं. तुझ्या सासूबाई काळजीने बोलल्या, मला त्यांचा आदरच आहे. पण ती सवलतही अशीच काळजीच्या भाषेत आली होती.

आणि आपण मराठी माणसांनी तर हे कुणाकडून शिकायला नको. १९०८ साली मुंबई हायकोर्टात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. लेख केसरीतले, म्हणजे मराठी. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. आपल्याच मराठी वाक्यांचा अर्थ टिळकांना त्यांना इंग्रजीतून फोडून सांगावा लागला, सरकारी भाषांतर कुठे कसं वाकडं आहे ते दाखवावं लागलं. निकाल लागला सात विरुद्ध दोन, आणि सहा वर्षं मंडाले. त्या निकालावरचे टिळकांचे शब्द आपण शाळेत पाठ केले, हायकोर्टातली ती पाटी सहलीत बघितली. त्या बाकावर कोण बसलं होतं याची चीड आपल्याला शंभर वर्षांनंतरही येते. मग इथे आपलं नाव पुकारलं गेल्यावर आपण उठून घरी कसे जातो? भारतात आता फौजदारी खटल्यांना ज्युरी नाही, त्यामुळे आपल्याला ही सवय नाही, एवढी सबब मी पहिल्या खेपेला मान्य करीन. दुसऱ्या खेपेला नाही.

मी नंतर तीनदा गेले. २०११ साली एका अपघाताच्या दाव्यात नऊ दिवस बसले. आमच्यात एक तरुण आई होती, तुझ्याच वयाची. पहिल्या दिवशी तिने बेलिफला सरळ सांगितलं, मला दर तीन तासांनी वीस मिनिटं आणि कडी लागणारी खोली हवी. तो आत गेला, बाहेर आला, म्हणाला, न्यायाधीशांनी सुट्टीच्या वेळा बदलल्यात. दोन मिनिटं लागली त्याला! मी बघत राहिले. माझ्या पंधरा वर्षांच्या ओझ्याची किंमत दोन मिनिटं होती. अर्थात माझ्या वेळी विचारून तेच उत्तर मिळालं असतं असं मी म्हणत नाही. पण मी विचारलं नव्हतं.

तिच्यासारखं तू आत्ताच जावंस का? मला नाही वाटत. तिचं बाळ बाटली घेत होतं, तुझं घेत नाही, आणि साडेचार महिन्यांच्या पोराला दिवसभर उपाशी ठेवून कुठल्या तत्त्वाचं भलं होत नाही. तरीही मनात असेल आणि तोवर तो वाटी-चमच्याने प्यायला लागला, तर जा. मात्र आधी लेखी कळव, खोली कुठे आहे ते विचार, स्वच्छतागृह दाखवलं तर नको म्हण. पंप आणि बर्फाची पिशवी बरोबर ने. दूध दाटू देऊ नकोस, ताप भरला तर खटला राहील बाजूला आणि तूच अंथरुणात पडशील. पहिल्या दिवशी ज्युरीवर नाव लागलं नाही तर तेवढ्यावर सुटतेस, लागलं तर त्या एका खटल्यापुरतं. ऑफिसवाल्यांची चिंता करू नकोस, ज्युरीला गेलीस म्हणून ते तुला कामावरून काढू शकत नाहीत.

पण माझं ऐकशील तर फॉर्म आजच भर. 'अंगावर पाजते' हेच लिही, आडवळणाने 'वैयक्तिक कारण' लिहू नकोस. लाज वाटेल असं त्यात काहीही नाही. मला वाटली होती आणि तिचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. बोलावणं मे महिन्याचं आहे ना? मग पुढच्या एप्रिलची तारीख माग. तोवर तो चालायला लागलेला असेल, वरणभात खात असेल. पाजत असलीस तरी सकाळ-संध्याकाळवर आलेली असशील. कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेव, कारण वर्षभराने ते पत्र आलं की पुन्हा सहा माणसं गोळा होतील.

फॉर्मची प्रत मला पाठव, मी वाचते. आणि एप्रिलमध्ये ज्या दिवशी तुला जायचं असेल त्या दिवशी सकाळी सातला बाळाला माझ्याकडे आणून सोड. दुपटी, झबली, सगळं आहे घरात. त्याला कितीही वेळ सांभाळते. तू घड्याळाकडे बघू नकोस.

तुझी,
मावशी