पीटीच्या तासाला दिशा

प्रश्न : चौथीची मुलं आठही दिशा घडाघडा म्हणतात, पण मैदानावर ‘वायव्येला पळा’ म्हटलं की गोंधळतात. काय करावं? (एक शिक्षिका, पुणे जिल्हा)

उत्तर : नकाशात उत्तर दिशा बहुधा वर असते, मुलांनी ‘वर’ पाठ केलेले असते. आधी मैदानावर खरी उत्तर दिशा काढा. मीटरभर काठी सरळ उभी रोवा. दुपारी 12 वाजता सावलीच्या टोकाशी खडा ठेवा, 1 वाजून 10 मिनिटांनी दुसरा. पहिला खडा पश्चिमेकडचा, दुसरा पूर्वेकडचा. दोन्ही खडे जोडणारी रेघ ओढा; पश्चिम डाव्या हाताला आणि पूर्व उजव्या हाताला ठेवून उभे राहिलात की समोर उत्तर. ‘दुपारची सावली उत्तरेला’ यावर मात्र विसंबू नका. तुमच्याकडे साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारी सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते. आणि शाळा नेमकी तेव्हाच सुरू होते. (ढगांनी उघडीप दिली तर!) लोखंडी गोलपोस्टजवळ होकायंत्रही चुकते.

मग फक्कीने 5 मीटर त्रिज्येचे वर्तुळ आखून आठ खुणा करा, नावे लिहू नका. शिट्टी, दिशा, धाव. दोन-तीन फेऱ्यांनंतर मुलांची तोंडे फिरवा; ‘उजवा हात म्हणजे दक्षिण’ धरून बसलेली लगेच कळतात. मोठ्या वर्गाला दोन वर्तुळे हवीतच, नाहीतर सगळे एका हुशार मुलामागे पळतात.