गोळ्या घेऊनही फुप्फुसातली गुठळी कमी होत नाही, तर ती गाठ असू शकते का?

तुमच्या वडिलांना तीन महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, गुठळी आहे तेवढीच आहे आणि आता डॉक्टर पेट स्कॅन करा म्हणतायत, तर उगाच खर्चात पाडतायत का असं विचारलंय तुम्ही. मी डॉक्टर नाही, सोलापुरात सीटीच्या मशीनवर काम करतो, पण हेच आमच्या घरात झालंय म्हणून लिहितो.

माझे मामा यंत्रमागावर. दम लागायला लागला तर सगळे म्हणाले कापसाची धूळ, दुसरं काय. मग चक्कर येऊन पडले, सीटी काढला, रिपोर्टमध्ये फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी. वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) सुरू, मामींनी मेथीसुद्धा बंद केली (एकदम कमीजास्त करू नका एवढंच सांगितलं होतं, पण मामींना कोण समजावणार). आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती तपासणी, दर वेळी 2 ते 3 च्या मधे, म्हणजे औषध बरोबर लागू पडत होतं, तरी दम वाढतच चालला, वजन उतरलं, संध्याकाळी कणकण, आणि पायाच्या डॉपलरमध्ये (गुठळी बहुतेकदा पायातून वर येते म्हणून करतात ती सोनोग्राफी) काहीच नाही. जिथं दाखवत होतो तिथं तेच चालू ठेवा म्हणून परत पाठवायचे. मी रोज स्कॅन बघणारा माणूस, मलाही शंका आली नाही ओ.

दुसरा सीटी मीच काढला. गुठळ्या सहसा दोन्ही बाजूच्या फांद्यांत विखुरलेल्या असतात, आणि जुनी झाली की नळी आकसते. इथं मुख्य नळीतच या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठासून भरलेलं आणि नळी फुगलेली. रेडिओलॉजिस्ट मॅडम खुर्ची पुढं ओढून बराच वेळ बघत बसल्या, मग म्हणाल्या, "हे गोठलेलं नाही वाटत, हे वाढतंय."

पल्मनरी आर्टरी सार्कोमा म्हणतात याला, रक्तवाहिनीच्या भिंतीतून उगवणारा कॅन्सर. 1923 मध्ये मँडेलस्टॅम नावाच्या डॉक्टरनं पहिल्यांदा नोंदवला तोही शवविच्छेदनात, इतका लपून राहतो.

पेट स्कॅनला साखरेसारखं औषध शिरेतून देतात, ट्यूमर ते ओढून घेतो आणि चमकतो, गुठळी सहसा चमकत नाही. सहसाच, कारण काही ट्यूमरही मंद दिसतात. उपाशीपोटी जायचं असतं, आम्ही हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेलो तर समोरच्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा उघडला, मामा दौंडपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले. पण पक्कं निदान तुकडा तपासल्यावरच, मामांचा शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) घालून काढला, मग ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे.

घाबरवायला नाही सांगत हे. ट्यूमर फार फार दुर्मिळ, तीन महिन्यांनी न विरघळलेली गुठळी बहुतेकदा जुनी होऊन कडक झालेली गुठळीच निघते, पण तिचाही इलाज वेगळा असतो, कधी कधी ऑपरेशन लागतं, त्यामुळे नुसत्या गोळ्या वाढवत बसण्यापेक्षा तपास झालेला बरा. डॉक्टर बरोबरच सांगतायत. फक्त गोळ्या मनानं बंद करू नका, ट्यूमर असला तरी त्यावर गुठळी धरू शकते.

आणि जाताना नुसत्या फिल्म नेऊ नका, दोन्ही सीटींच्या सीडी न्या, पहिल्याची तर नक्कीच, कारण तीन महिन्यांत ते किती वाढलं हे तिथंच कळतं. आमच्याकडं मागितली की देतो आम्ही.