कर्नलमधल्या नावांची शेपटं छाटावीत का?

प्रश्न : मी वडोदऱ्याला कलाभवनात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्स कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) फंक्शनच्या नावांना कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) लावतो ती शेपटं काढून टाकणारा पॅच (कोडमधला बदल) पाठवायचा विचार आहे. आई म्हणते, त्यापेक्षा वेब डेव्हलपमेंट शिक. काय करू? – एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार

उत्तर : विषय फार चांगला निवडलास, पण पॅच आत्ता पाठवू नकोस. सगळी शेपटं एका जातीची नसतात.

जीसीसी या कंपायलरने ‘.इस्रा.०’ लावलं, की समजायचं फंक्शनचे आर्ग्युमेंट (त्याला दिलेल्या किमती) बदललेत किंवा गळलेत. ते छाटलंस तर मूळ नावावर प्रोब (चालू फंक्शनवर नजर ठेवणारा सापळा) लागेल, पण दुसरा आर्ग्युमेंट म्हणून रजिस्टरमधला (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यातला) भलताच आकडा वाचेल, आणि एररही येणार नाही. ‘.कोल्ड’ म्हणजे क्वचित चालणारा, वेगळा काढलेला तुकडा.

थिन एलटीओत (लिंक करताना सगळ्या फाइली मिळून कोड सुधारण्याच्या पद्धतीत) क्लँग हा दुसरा कंपायलर ‘सी_स्टॉप’सारख्या स्टॅटिक, म्हणजे एकाच फाइलपुरत्या, फंक्शनला ‘.एलएलव्हीएम.’ आणि लांबलचक आकडा जोडतो. दुसऱ्या फाइलमधून वापरायचं म्हणून ते ग्लोबल (सगळ्या फाइलींना दिसणारं) करावं लागतं, आणि त्याच नावाचं फंक्शन आणखी कुठे असलं तर टक्कर होते. हे शेपूट सोडून नाव जुळवायची सोय कर्नलमध्ये होती. पण लाइव्ह पॅचला (चालू कर्नल बंद न करता केलेल्या दुरुस्तीला) नेमकं तेच फंक्शन लागतं, तिथे ती नडली. म्हणून २०२४ मध्ये नाव जसंच्या तसं जुळवायचं ठरलं. ही चर्चा न वाचता पाठवलेला पॅच पहिल्याच उत्तरात परत येतो.

आधी एकाच कॉन्फिगचा (सेटिंगचा) कर्नल जीसीसीने आणि थिन एलटीओ लावून क्लँगने बांध. दोन्ही व्हीएमलिनक्सवर (बांधलेल्या कर्नलच्या फाइलवर) नावांची यादी देणारं ‘एनएम’ चालव आणि ठिपकेवाली नावं ताडून बघ. क्यूईएमयूत (आभासी मशीनमध्ये) बूट केल्यावर कॉलसिम्स, म्हणजे कर्नलमधल्या नावांची आणि पत्त्यांची यादी, रूट (सर्वाधिकारी युजर) होऊनच वाच, एरवी पत्ते शून्य दिसतात. डीबग इन्फो चालू असेल तर डिस्क भराभर भरते. ३०-४० जीबी मोकळी ठेव. मग ट्रेसिंगच्या (कुठलं फंक्शन कधी चाललं ते टिपणाऱ्या) टूलमध्ये शेपूटवालं नाव नीट दाखवणारी छोटी सुधारणा कर. कर्नलमध्ये छाटण्यापेक्षा ते सुरक्षित. पाठवण्याआधी पॅच तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालव, स्वतःच्या नावाची साइन्ड-ऑफ ओळ विसरू नकोस.

आईंचं म्हणणं चूक नाही : वेबमध्ये फ्रेशरला जागा जास्त आहेत. कर्नल आणि कंपायलरच्या टीम चिप, फोन, सर्व्हरवाल्या कंपन्यांत असतात, त्याही बहुतेक बंगळुरू, हैदराबाद, पुण्याकडे. तिथे सर्टिफिकेटपेक्षा स्वीकारले गेलेले पॅच बघतात. तेव्हा कॅम्पससाठी डेटा स्ट्रक्चर्स सोडू नकोस, सी पक्की कर आणि एक-दोन पॅच गेले, की लिनक्स फाउंडेशनच्या मेंटॉरशिपमध्ये कर्नल बग-फिक्सिंगला अर्ज कर.