बार्बेक्यूची ५० ठिकाणं बाईकवर: आधी घड्याळ, मग नकाशा

तुमचे दोन्ही बेत झकास आहेत, फक्त ते एकमेकांत कालवू नका. ज्यांनी वरचा प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: डॅलसचे तिघे मित्र, एकाची गोल्डविंग, एकाची हार्ले, एकाची रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११. 'टेक्सास मंथली' मासिकाच्या २०२५च्या यादीतली ५० बार्बेक्यू ठिकाणं त्यांना वर्षभरात बाईकवर पुरी करायची आहेत, आणि त्यातलीच चार-पाच ठिकाणं घेऊन आयर्न बटची १००० मैलांची राइडही उरकायची आहे. तिघांतला एक जण बीफ खात नाही. हे खूळ ह्यूस्टनला राहून मीही बरीच वर्षं पोसलंय, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी हजार मैलांचं बघू. आयर्न बट असोसिएशन ही लांब पल्ला मारणाऱ्या बाईकस्वारांची संस्था. तिची सॅडलसोर म्हणजे २४ तासांत १००० मैल, आपल्या हिशोबात १६०९ किलोमीटर. ऐकायला राक्षसी वाटतं, पण सरासरी काढा, ताशी ४२ मैलसुद्धा पडत नाही. थांबे सोडून ताशी ६५ मैल पडले तर गाडीवर साडेपंधरा तास जातात आणि हातात साडेआठ उरतात. दोनशे मैलांना एकदा टाकी भरायची तर पाच थांबे, प्रत्येकी पंधरा मिनिटं, म्हणजे सव्वा तास. राहिले सव्वासात तास. एवढ्यात तीन-चार बार्बेक्यू आरामात होतील असं कागदावर वाटतंच. होत नाहीत, कारण हे उरलेले तास तुम्हाला हवे तेव्हा वापरता येत नाहीत. बहुतेक नावाजलेली ठिकाणं अकराला उघडतात आणि मांस संपलं की दार लावतात. शनिवारी हे दुपारी दीडलाही होऊ शकतं. म्हणजे अख्ख्या २४ तासांत तुमच्या कामाचे तास जेमतेम तीन-चार, आणि त्यातला निदान एक रांगेत. शिवाय ते सव्वासात तास खरं तर झोपेचे आहेत. ते दुपारी खर्चून रात्री दोन वाजता फोर्ट स्टॉकटनच्या अलीकडे पेंगत गाडी हाकायची, याला कोणी शौर्य म्हणत असेल तर म्हणो.

जोडायचंच असेल तर बार्बेक्यू शेवटी ठेवा. पहाटे निघा, दिवसभर सुकामेवा, केळी, सँडविच असलं हलकं खा, हजार मैलांनंतरची शेवटची पावती पंपावर घ्या, मोटेलमध्ये आडवे व्हा आणि दुसऱ्या दिवशी उठून रांगेत उभे राहा. पावतीवरून आठवलं. आयर्न बटचा सगळा कारभार पुराव्यावर चालतो. पावतीवर तारीख, वेळ आणि गाव छापलेलं हवं, आणि त्या क्षणीचा ओडोमीटरचा आकडा वहीत. काही पंपांच्या मशीनचं घड्याळ तासभर मागे असतं, काहींवर वेळच छापली जात नाही. पावती खिशात कोंबण्याआधी तिथेच वाचा. चुकीची निघाली तर आत जाऊन दुसरी मागता येते, ऐंशी मैल पुढे गेल्यावर नाही.

आता ५० ठिकाणांची गोष्ट. ही यादी अलीकडे साधारण चार वर्षांनी येते: २०१३, २०१७, २०२१, २०२५. पहिला नंबर या क्रमाने ऑस्टिनचं फ्रँकलिन, लेक्सिंग्टनचं स्नोज, फोर्ट वर्थचं गोल्डीज आणि आता सेगीनचं बर्न्ट बीन. म्हणजे वर्षभराची अट तुमची तुम्हीच घातलेली आहे, मासिकाने नाही. माझं ऐकाल तर दोन वर्षं घ्या. एका वर्षात करायला गेलात की अष्टविनायक दीड दिवसात उरकणाऱ्या टूरवाल्यांसारखं होतं: फोटो काढा, प्रसाद घ्या, चला पुढे.

नकाशावर टाचण्या टोचायच्या आधी एक तक्ता करा. गावाचं नाव नंतर, आधी उघडण्याचे वार. सोमवार-मंगळवार बरीचशी ठिकाणं बंद. काही फक्त शुक्रवार ते रविवार, आणि स्नोज तर आठवड्यातून एकदाच, शनिवारी सकाळी आठला. तुमची खरी टंचाई मैलांची नाही, शनिवारांची आहे. वर्षात ५२ शनिवार, त्यातले उन्हाळ्याचे, पावसाचे, घरच्या समारंभांचे आणि 'आज नको रे'चे वजा करा. म्हणून जी ठिकाणं गुरुवारी किंवा शुक्रवारी उघडी असतात ती रजा टाकून त्याच वारी करा आणि शनिवार स्नोजसारख्यांसाठी राखून ठेवा. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचं फेसबुक किंवा इन्स्टाग्राम बघा. लग्नाची ऑर्डर, पिटची म्हणजे मांस धुरावणाऱ्या भट्टीची दुरुस्ती, कुटुंबातलं काही, यांपैकी कशानेही बंदची पाटी लागते आणि ती गूगल मॅप्सला कळत नाही.

स्नोजचा शनिवार कसा करायचा ते सांगतो, कारण बाकीचे त्यावरून जमतील. डॅलसहून पहाटे निघून आठला पोचण्याचा हट्ट करू नका, अंधारात हरणं रस्त्यावर असतात. शुक्रवारी संध्याकाळी उजेडातच टेलर किंवा गिडिंग्जला मुक्काम टाका. सकाळी लेक्सिंग्टनला पोचाल तेव्हा आधीच रांग असेल, त्यात खुर्च्या घेऊन रात्रीपासून बसलेलेही असतात. रांग कंटाळवाणी मात्र नाही, कारण पिट बाहेर उघड्यावरच आहेत. १९३५ साली जन्मलेल्या टूट्सी टोमानेट्झ बाईंनी नव्वदीच्या घरातही हातात फावडं घेऊन निखारे सारलेत. आठवडाभर शाळेत साफसफाईची नोकरी आणि शनिवारी पिट, असं त्यांनी बरीच वर्षं केलं. आयर्न बटवाले स्वतःला जगातले सर्वांत कणखर रायडर म्हणवतात. त्यांनी एकदा इथे येऊन बघावं.

तिथून फार्म रोड ११२ ने टेलर, साधारण तीस-पस्तीस मैल. शेतांमधून जाणारा, ट्रक जवळजवळ नसलेला रस्ता. टेलरला लुई म्युलर, १९४९चं. मग हायवे ९५ ने खाली एल्जिन, जिथे १८८२पासूनचं साउथसाइड मार्केट सॉसेजसाठी ओळखलं जातं. एवढ्यावर दिवस संपवा. दिवसाला तीन ठिकाणं हा माझा नियम आहे आणि तो पोटामुळे नाही, दुपारी तीनच्या झोपेमुळे आहे.

कारण असं बघा, चरबीदार मांस, भरपूर मीठ, वर ३८-४० अंशांचं ऊन. जेवणानंतरची सुस्ती आणि दुपारची नैसर्गिक गुंगी एकाच वेळी येतात, आणि समोर सरळसोट रस्ता. म्हणून मागवताना पौंडात बोलूच नका. एका ठिकाणी तिघांत मिळून पाव पौंड ब्रिस्किट (गाईच्या छातीचं मांस), दोन रिब (बरगड्या), एक सॉसेज. पाव पौंड म्हणजे ११३ ग्रॅम, दोन-तीन जाड काप होतात. गावोगावच्या नावाजलेल्या काउंटरवर ब्रिस्किट आता पौंडाला ३० डॉलरच्या वर गेलंय, त्यामुळे हा उपदेश खिशालाही मानवतो. कापणारा विचारेल, लीन की मॉइस्ट, म्हणजे कमी चरबीचं की चरबीदार? मॉइस्ट म्हणा. एक काप बोटावर आडवा टाका. तो दोन्हीकडे लवला पाहिजे पण तुटता कामा नये, आणि दोन टोकं धरून हलकेच ओढल्यावर सुटला पाहिजे. न लवता ताठ राहिला तर कमी शिजलाय, बोटावरच गळून पडला तर जास्त. यादीत अमुक नंबर आहे म्हणून वाहवा करायची गरज नाही.

जेवलात की लगेच किक मारू नका. अर्धा तास सावलीत बसा, पाणी प्या, डोळे मिटत असतील तर वीस मिनिटं झोपून घ्या. बीअर मुक्कामाला पोचल्यावर. आणि उन्हाचं एक उलटं गणित बऱ्याच जणांना माहीत नसतं: हवा ३५-३६ अंशांच्या वर गेली की अंगावर येणारा वारा शरीराला थंड करत नाही, तापवतो. त्यामुळे टी-शर्टवर चालवून हवा लागते हा भ्रम आहे. जॅकेट घालाच, आत पाण्यात भिजवलेला वेस्ट. पश्चिम टेक्सासच्या कोरड्या हवेत तो फार छान चालतो, आमच्या ह्यूस्टनच्या दमटात जेमतेम. खरा मोसम ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल. वसंतात ब्लूबॉनेटची निळी शेतं फुकट.

उरलेलं मांस सॅडलबॅगमध्ये टाकून घरी न्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. शिजलेलं अन्न बाहेर दोन तास, आणि ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर एकच तास, हा इथल्या कृषी खात्याचा नियम आहे. उन्हातली, सायलेन्सरशेजारची सॅडलबॅग त्याहून बरीच गरम होते. घरच्यांसाठी न्यायचंच तर काही ठिकाणी गार करून, हवा काढून बंद केलेलं ब्रिस्किट विकत मिळतं, ते बर्फात ठेवून न्या.

यादीत असो वा नसो, लॉकहार्ट सोडू नका. टेक्सासच्या विधिमंडळाने ज्या गावाला राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवलंय ते हेच. ब्लॅक्स १९३२चं, क्रॉइट्स १९००चं. स्मिटीजमध्ये मात्र दुपारच्या गर्दीत जा. लांब, अंधाऱ्या बोळातून रांग सरकते, भिंती धुराने काळ्या कुळकुळीत, आणि वळणावर तुमच्या पायांपासून हातभर अंतरावर जमिनीवर उघडी आग पेटलेली असते. कठडा नाही, काच नाही. पोस्ट ओकचे ओंडके जळत असतात आणि धूर विटांच्या पिटमध्ये ओढला जातो. रायडिंग पँट घालून तिथे उभं राहिलात की मांडीला चटका जाणवतो. ही मूळची क्रॉइट्सची इमारत. १९९९मध्ये घरात वाटणी झाली, बहिणीकडे जागा राहिली, भावाकडे धंदा आणि नाव. त्याने नव्या जागेत पहिली आग पेटवायला जुन्या पिटमधले निखारे टबात घालून रस्त्यावरून ओढत नेले. दोन्हीकडे मांस कागदावर मिळतं, सोबत पाव किंवा खारी बिस्किटं, कांदा, लोणच्याची काकडी. क्रॉइट्सने तर वर्षानुवर्षं सॉस आणि काट्यांना दाराबाहेर ठेवण्याचा अभिमान मिरवला.

तुमच्या बीफ न खाणाऱ्या मित्राबद्दल. पोर्क-चिकन चालतं असं धरून चालतो. टेक्सासमध्ये त्याची उपासमार होणार नाही, टर्की आणि पोर्क रिब जवळपास सगळीकडे मिळतात, आणि चांगल्या हातची धुरावलेली टर्की ब्रिस्किटच्या तोडीची असते. पण सॉसेज विचारल्याशिवाय देऊ नका, मध्य टेक्सासचं सॉसेज बहुतांशी बीफचंच. बीन्सच्या उसळीतही ब्रिस्किटचे तुकडे सर्रास टाकतात, तेही विचारा. नाहीतर त्याच्यासाठी एक वेगळा आठवडा काढा आणि पूर्वेला जा. मेम्फिसला रेंडेव्हू, १९४८पासून कोरडा मसाला लावलेल्या पोर्क रिब. मग अलाबामातल्या डेकेटरला बिग बॉब गिब्सन, १९२५चं, जिथे अख्खी धुरावलेली कोंबडी मेयोनेज-व्हिनेगरच्या पांढऱ्या सॉसमध्ये बुचकळून काढतात. आणि वर केंटकीत ओवेन्सबोरोला, जिथे बार्बेक्यू म्हणजे मेंढीचं मटण. मटण म्हटल्यावर आपण जी चव शोधतो ती तिथे सापडते, शेजारी काळपट, आंबट डिपची वाटी. वाटेत नॅचेझ ट्रेस पार्कवे घ्या, ४४४ मैलांचा, ट्रकबंदी, पाट्या-जाहिराती नाहीत. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ५० मैल आणि त्या रस्त्यावर एकही पंप नाही, टाकी भरून चढा.

हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, लानो-ड्रिफ्टवूडकडची ठिकाणं करताना लीकीजवळचे ट्विस्टेड सिस्टर्स म्हणजे रँच रोड ३३५, ३३६, ३३७ जोडावेसे वाटतील. जरूर जोडा, पण जेवणाआधी, सकाळी. वळणांवर खडी असते, मध्येच मोकळी गुरं आणि रस्त्यात आडवे लोखंडी पाइप टाकलेले कॅटल गार्ड. पाऊस झाला असेल तर सखल पुलांवरून पाणी वाहतं, तिथून सरळ मागे फिरायचं. संध्याकाळी सूर्य कलला की हरणं सुरू. त्याच्या आत मुक्काम.

राहिली हिमालयन. ४११ला चोवीस-पंचवीस हॉर्सपॉवर, सत्तरच्या पुढे ती कुरकुरते आणि स्वारालाही हैराण करते. पश्चिमेच्या आय-१० वर मर्यादा ८० मैल आहे, आणि ऑस्टिनहून सेगीनला जाणाऱ्या टोल १३० वर ८५, देशातली सर्वांत जास्त. तिथे तुमचा हिमालयनवाला मित्र ट्रकच्या वाऱ्यात गटांगळ्या खाईल. हजार मैलांची राइड गोल्डविंग आणि हार्लेने करावी, त्याने शेवटच्या जेवणाला थेट यावं. बार्बेक्यूच्या फेऱ्यांना मात्र त्याला पुढे ठेवा आणि बाकी दोघांनी त्याच्या वेगाने जा, फार्म रोडवर ती गाडी तुम्हा दोघांपेक्षा मजेत चालेल. लॉकहार्टहून लुलिंगला जाताना १३० सोडून जुना १८३ धरा, पंधराएक मैलच आहेत. लुलिंगचं सिटी मार्केट रविवारी बंद असतं, तेवढं तक्त्यात लिहून ठेवा.