बाराव्या दिवशी टाका उकलला तर

परळीहून लिहिलंस ते दोनदा वाचलं. छाती लहान करायचं ऑपरेशन होऊन १२ दिवस झालेत. उजवीकडे खाली, उभी रेघ आडव्या रेघेला मिळते तिथं हरभऱ्याएवढं तोंड उघडलंय आणि पिवळसर ओल लागतेय. सासूबाई म्हणतात हळद भर, जाऊ म्हणते वरण-भात बंद कर, जखम पिकते. नणंदेचं लग्न अडीच महिन्यांवर आलंय. आणि शेवटची ओळ, ‘उगीच केलं असं वाटायलंय.’ वय २९ लिहिलंस, माझ्या धाकट्या बहिणीएवढी आहेस, म्हणून अगं-तुगं करते. राग मानू नको.

मी डॉक्टर नाही, झेडपीच्या शाळेत मास्तरीण आहे. माझं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात संभाजीनगरला झालं, तेव्हा मी ४१ वर्षांची होते. आणि माझंही तिथंच उकललं होतं, सोळाव्या दिवशी. रुपयाएवढं.

ती जागाच तशी आहे. निप्पलभोवतीचा गोल, तिथून खाली येणारी उभी रेघ आणि छातीखालच्या घडीतली आडवी रेघ, असा उलटा ‘टी’ असतो. त्याच्या सांध्यावर कातडीचे तुकडे एकमेकांना ओढून शिवलेले असतात. ताण सगळ्यात जास्त तिथं, आणि रक्त पोचतं सगळ्यात कमी तिथं. आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं की शेवटच्या घराला जशी करंगळीएवढी धार मिळते, तसंच. म्हणून या ऑपरेशनात उकलायचं झालं तर बहुतेक वेळा तोच सांधा उकलतो, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. माझ्या सर्जननी बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, ‘आतून भरत येईल.’ पुन्हा टाके घातले नाहीत. रोज ड्रेसिंग, आणि पाच आठवड्यांत भरली. आज तिथं नखाएवढा फिकट डाग आहे.

पण माझी भरली म्हणून तू घरी बसून राहू नको. आज रात्रीच उजेडात फोटो काढून सर्जनला पाठव, उद्या जाऊन दाखव. पिवळं दिसतं ते दरवेळी पू असतो असं नाही. भरत्या जखमेवर पिवळसर साय धरते. पण साय कुठली आणि पू कुठला, हे त्यांनी ठरवायचं. लाली रोज पसरायला लागली, घाण वास आला, ताप १०१ च्या वर गेला, एक बाजू अचानक टणक फुगली किंवा निप्पल काळंनिळं पडलं, तर सकाळची वाट बघू नको. पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला, तर तो रक्ताच्या गुठळीचा प्रकार असू शकतो, तेव्हा जवळ जे मोठं हॉस्पिटल असेल ते गाठ. तुझ्यासाठी अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज सगळ्यात जवळ.

हळदीचं म्हणशील तर डब्यातली हळद जखमेत भरायची नाही. ती निर्जंतुक नसते, कण आत चिकटून बसतात, आणि सगळं पिवळं झाल्यावर डॉक्टरला खालचा रंगच दिसत नाही. सासूबाईंना ‘नको’ म्हणू नको. ‘दुधात घालून द्या’ म्हण, त्यांचं मन राहील. डेटॉल आणि जखमेवर फेस येणारं औषधही (हायड्रोजन पेरॉक्साइड) आपल्या मनानं लावू नको, नवी उगवणारी पेशीच त्यानं जळते. डॉक्टर सांगतील ते सलाइन, जखमेवर ठेवायची ती औषधी जाळी, तेवढंच.

जाऊबाईंचं मात्र अजिबात ऐकू नको. वरण-भातानं जखम पिकते, वांग्यानं खाजते, अंड्यानं ‘गरम’ होतं, हे सगळं माझ्या आईनंही करून झालं. दहा दिवस मी ज्वारीची पातळ पेज आणि दुधात कुस्करलेली पोळी खात होते. सर्जननी विचारलं काय खाता, मी अभिमानानं सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. जखम भरायला प्रथिनं लागतात, ती काय पेजेतून येणार? मग मुगाचं घट्ट वरण, मोड आलेली मटकी, दही, दोन उकडलेली अंडी, मूठभर भाजलेले शेंगदाणे. हिमोग्लोबिन कमी असेल तर गोळी चालू ठेव. शुगर असेल तर ती ताब्यात ठेवणं हे अर्धं ड्रेसिंगच समज. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट गच्च होतं, तेव्हा डॉक्टरला विचारून रात्री इसबगोल घे. कुंथायला लागलं की छातीवर ताण येतो, हे कुणी आधी सांगत नाही.

आता एक गोष्ट लाज सोडून लिहिते. मशेरी लावतेस का? मी लावत होते. शाळेच्या भिंतीवर तंबाखूमुक्त शाळेचा फलक माझ्याच अक्षरात, आणि पहाटे न्हाणीघरात माझं बोट दातावर. सर्जननी ऑपरेशनाआधी तीनदा विचारलं, सिगारेट? तंबाखू? मी ‘नाही’ म्हणाले, कारण मशेरीला आपण तंबाखू मानतच नाही. चौथ्यांदा नर्सनं ‘मशेरी?’ असं सरळ विचारलं तेव्हा पकडले गेले. महिनाभर बंद करायला लावली, तारीख पुढे ढकलली. मशेरीतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि या ऑपरेशनात निप्पल सगळं जगतं ते त्याच्यासोबत राखलेल्या मांसाच्या एका पट्टीतल्या रक्तावर. तरी दहाव्या दिवशी, सगळे झोपलेले बघून, मी पुन्हा डबी उघडली. सोळाव्या दिवशी टाका उकलला.

मशेरीनंच उकलला असं मी छातीठोक सांगत नाही, कारण त्याच आठवड्यात मी हंडाही उचलला होता. आठ दिवसांनी टँकर आलेला, नवरा ड्युटीवर, मुलगा क्लासला. दारात पाणी वाहून चाललेलं बघून कुठल्या मराठवाड्यातल्या बाईचा हात थांबेल? भरलेला हंडा पंधरा किलोच्या आसपास जातो. मला मुभा होती दोन किलोची. तेव्हा सहा आठवडे पाण्याची सोय आधी लावून घे. कुणी भरायचं, पाळी कुणाची, हे मोठ्यानं ठरव. ‘होईल काहीतरी’ म्हटलं की ते आपल्याच कमरेवर येतं.

हातांचं पथ्य हेच सगळ्यात अवघड पथ्य आहे. जखम दोन महिन्यांत विसरतेस. पण बाईनं रिकाम्या हातानं बसलेलं घराला दिसतं. भाकरी थापणं हे हलकं काम वाटतं ना? दोन्ही तळव्यांचा दाब, खांदा पुढे, छातीचा स्नायू सतत चालू. मी सहा आठवड्यांनी थापायला बसले आणि दुसऱ्याच भाकरीला उठले. कणीक तिंबणं, धुणं पिळणं, माळ्यावरचा डबा काढणं, लेकराला कडेवर घेणं, सगळं त्याच यादीत. केसांची वेणी दुसऱ्याकडून घालून घे. पण अंथरुणाला खिळूनही राहायचं नाही. घरातल्या घरात, अंगणात, रोज चालायचं. स्कूटी मी पाचव्या आठवड्यात काढली, पण धक्के सोसेनात. दोष स्कूटीचा नाही, गतिरोधकांचा. उद्या एसटीनं जाणार असशील तर मागच्या चाकावर बसू नको, पुढची सीट धर, छातीशी छोटी उशी दाबून धर. अर्धं तिकीट आहेच, तेव्हा ड्रेसिंगच्या खेपा तरी चुकवू नको.

झोपायचं पाठीवर, पाठीमागे दोन उशा रचून, निदान महिनाभर. ब्रा रात्रंदिवस, पुढून उघडणारी, तारेशिवाय. माझ्या नवऱ्याला मेडिकलमध्ये ‘सर्जिकल ब्रा’ आणायला पाठवलं तर तो लाजून नीट बोललाच नाही आणि कंबरदुखीचा पट्टा घेऊन आला. तीन घे, धुऊन वाळवून बदलायला. घामट ब्रा जखमेवर ठेवू नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ वर जातो, त्यात हे ऑपरेशन करून घेणाऱ्या बाईला माझा साष्टांग नमस्कार. तू थंडीत केलंस हे शहाणपणाचंच झालं.

मध्येच वीज चमकल्यासारखी कळ येईल, निप्पलला कधी बधिर वाटेल, कधी पदराचा स्पर्शही सहन होणार नाही. नसा पुन्हा जुळताना असं होतं, महिनोन्‌महिने चालतं. माझ्या डाव्या बाजूची संवेदना आठ महिन्यांनी बरीचशी आली, उजवीची पूर्ण आलीच नाही. पाळीच्या आधी जास्त ठणकतं. कधी मुरुमासारखा फोड येऊन त्यातून विरघळायच्या टाक्याचं टोक बाहेर डोकावतं. ओढू नको, दाखव. आत कडक गाठ लागली तर बहुधा मेलेल्या चरबीची असते, पण ‘बहुधा’वर थांबायचं नाही, सोनोग्राफी करायची. काढलेला भाग तपासणीला गेला असेल, तो रिपोर्ट मागून फायलीत ठेव. पुढे कधी मॅमोग्राफी झाली तर हे ऑपरेशन झालंय हे आधी सांगायचं.

‘उगीच केलं’ याबद्दल. मलाही चौथ्या दिवसापासून पंधराएक दिवस रडू येत होतं. आरशात बघितलं तर वर चढलेल्या, चौकोनी, खालून चपट्या दोन पेट्या. आकार तीन-चार महिन्यांत खाली उतरून गोलावतो, सूज पुरती जायला वर्षसुद्धा लागतं. आज जे दिसतंय ते तयार काम नाही, अर्धवट शिवलेलं आहे. शेजारी मी ‘गाठ काढली’ असं सांगितलं, ही माझी चूक. गल्लीभर कॅन्सर झाल्याची बातमी पसरली, बायका सफरचंदं घेऊन आल्या, एकीनं तर माझ्या लेकीच्या लग्नाची काळजी केली. तू मान-पाठीचं ऑपरेशन म्हण, खोटंही नाही. माझ्या दोन्ही बाजूंचं मिळून १३०० ग्रॅम काढलं. खांद्यावर पट्ट्यांचे खड्डे होते, उन्हाळ्यात घडीखाली कातडी सोलून निघायची, फळ्यापाशी उभं राहून दोन तास झाले की मान धरायची. पुढच्या जूनमध्ये सलग चार तास शिकवलं आणि घरी येऊन आडवी न होता चहा केला.

व्रणाची घाई करू नको. जखम पूर्ण बंद झाल्यावरच सिलिकॉन जेल. पट्ट्याही मिळतात, पण आपल्या घामात त्या सरकतात. निदान तीन महिने लाव. व्रण पहिले सहा महिने लाल, उठलेला दिसतो आणि मगच फिकट व्हायला लागतो. दंडावरची लसीची खूण किंवा कान टोचल्याची जागा तुझ्या अंगावर गाठीसारखी वाढलेली असेल तर उद्याच सांग. अशा कातडीला व्रण फुगतो, त्यावर लवकर इंजेक्शन देता येतं.

लग्नाला जाशील, नाचायचं मात्र नाही आणि पंगतीत वाढायलाही उठायचं नाही. ब्लाउज पुढून हुकांचा शिव, मागून बांधायचा नको. मी हौसेनं दोन महिन्यांत पाच शिवून घेतले, दिवाळीपर्यंत एकही बसेना. तू एकच शिव, आणि शिंप्याला दोन्ही बाजूंना बोटभर माया ठेवायला सांग.