हवानातील पहिला दिवस

प्रश्न: निवृत्तीनंतर आम्ही उभयता क्युबाला जात आहोत. हवानातील पहिल्या दिवशी काय पाहावे आणि तेथील संगीत कोठे ऐकावे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: नागपूरच्या उन्हाची सवय असली, तरी तेथील दमट हवा घामाने भिजवते, म्हणून सकाळीच जुन्या हवानात पायी निघावे. १९८२ साली जागतिक वारसा यादीत आलेल्या या भागात कॅथेड्रलच्या चौकात जरा रेंगाळावे. त्याचे दोन मनोरे सारखे नाहीत आणि भिंतीजवळ गेल्यास प्रवाळी दगडात रुतलेले सागरी जीवांचे अवशेष दिसतात. वस्तुसंग्रहालये खुशाल दुसऱ्या दिवसावर ढकलावीत.

संगीतासाठी महागड्या कॅबरेपेक्षा चौकालगतच्या उपाहारगृहांतील लहान ताफे मला अधिक भावतात. ‘सोन’ या क्युबन संगीतप्रकारात तीन जोडतारांचे ‘त्रेस’ हे गिटारसारखे वाद्य वाजत असते, परंतु सगळा डोलारा ‘क्लावे’ या लाकडी दांड्यांच्या जोडीवर उभा असतो: वादक एक दांडी तळहाताच्या खळग्यात धरून दुसरीने पाच ठोक्यांचे आवर्तन देत राहतो आणि बाकीचे त्याला धरून चालतात. समेची सवय असलेल्या आपल्या कानांना हे लवकर उमगते. टोपी फिरली की हात आखडता घेऊ नये.

रात्री नऊ वाजता ला काबान्या किल्ल्यावर तोफ डागतात, पूर्वी नगराचे दरवाजे बंद होत असल्याची ती वर्दी असे; मात्र किल्ला खाडीपलीकडे असल्याने टॅक्सी आधीच ठरवावी.