वाचक विचारतात : खाऱ्या टँकमधला प्रवाह

प्रश्न : आमचा खाऱ्या पाण्याचा, मासे आणि कोरलचा टँक 90 × 45 × 45 सेंटिमीटरचा आहे. दोन्ही बाजूंना ताशी 3000 लिटरचा एकेक वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) समोरासमोर लावलाय. तरी रॉकच्या मागे लालसर शेवाळी पापुद्रा धरतो, मधली वाळू उडून काच दिसते आणि टॉर्च कोरल उमलतच नाही. पंप आणखी मोठे घ्यावेत का? – एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : नका घेऊ. काठोकाठ भरला तर तुमच्या टँकमध्ये 182 लिटर मावतील. वरची मोकळी जागा, रॉक आणि वाळू वजा करता खरं पाणी 150 च्या आसपास. त्यात ताशी 6000 लिटर फिरतंय, म्हणजे 40 पट. सॉफ्ट कोरलना 10 ते 20 पट पुरतं, टॉर्च-हॅमरसारख्या मांसल दगडी कोरलना 20-25 पट. खोक्यावरचा आकडा नव्या, स्वच्छ पंपाचा असतो हे धरलं, तरी प्रवाह कमी नाही. तो चुकीच्या जागी जातोय.

समान उंचीवर समोरासमोर लावलेल्या पंपांचे झोत मध्यावर आदळतात. तिथून पाण्याला खालीच वाट मिळते आणि वाळू उडते. रॉकच्या मागे मात्र पाणी हलतच नाही. तिथे विष्ठा आणि उरलेलं खाणं साचतं, त्यावर तो लाल पापुद्रा पोसतो.

आधी रॉक मागच्या काचेपासून 8-10 सेंटिमीटर पुढे घ्या. डावा पंप पृष्ठभागाखाली 5-7 सेंटिमीटरवर ठेवून किंचित पुढच्या काचेकडे वळवा. उजवा मध्यउंचीवर उतरवा आणि त्याचा झोत मागच्या काचेलगत, रॉकच्या पाठून जाऊ द्या. पाणी आता गोल फिरेल. कंट्रोलर असेल तर एक पंप 60 टक्के, दुसरा 30 टक्के, आणि दर काही तासांनी अदलाबदल. साध्या एसी पंपांना टायमरच्या प्लगवर दर मिनिटाला चालू-बंद करण्याचा जुगाड करू नका. प्रत्येक सुरुवातीच्या झटक्याने इंपेलर (पंपातलं फिरतं पातं) आणि शाफ्ट झिजतात.

जागा बरोबर बसली का, हे आकड्यांवरून कळत नाही. बिनसुईच्या मोठ्या सिरिंजला एअर पंपाची बारीक नळी जोडा आणि रॉकच्या मागे, फटींत पाण्याची पिचकारी मारा. गाळाचा ढग उठून तिथेच बसला, तर ती जागा अजून मेलेली आहे. ढग उचलला जाऊन ओव्हरफ्लोकडे (वरचं पाणी टँकबाहेर नेणाऱ्या कप्प्याकडे) सरकला, तर ठीक. आधीचा पापुद्रा मात्र नळीने ओढूनच काढावा लागेल. फॉस्फेट-नायट्रेट तपासा, सगळा दोष प्रवाहावर ढकलून भागत नाही.

टॉर्चच्या शेंड्या डोलून परत जागेवर यायला हव्यात. त्या एकाच बाजूला दुमडून राहिल्या आणि दुसऱ्या बाजूला सांगाड्याची पांढरी धार दिसली, तर झोत थेट बसतोय. मऊ मांस त्या धारेवर घासून फाटतं आणि मग तपकिरी चिकट सड लागायला वेळ लागत नाही. कोरल पंपापासून निदान 30 सेंटिमीटर दूर, काचेवर आपटून मंदावलेल्या प्रवाहात ठेवा. जोर वाढवायचाच असेल तर तीन-चार दिवसांनी 10 टक्के, त्याहून घाई नको. वाळू फार बारीक असेल तर पुढच्या वेळी 1-2 मिलिमीटर दाण्याची घ्या.

(दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत येतात. विकणाऱ्याकडे कागदपत्रं मागायला लाजू नका.)

प्रश्न : परवा रात्री लाइट गेली आणि सकाळी कॅबिनेटखाली तळं साचलेलं. चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवलेला असूनही हे कसं झालं? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : चेक व्हॉल्व्हवर विसंबल्यामुळेच. त्याच्या झडपेत चुन्याचा एक कण किंवा नळीकिडा अडकला की ती पूर्ण मिटत नाही. पंप थांबला की रिटर्नच्या, म्हणजे संपमधून (कॅबिनेटमधल्या खालच्या टाकीतून) पाणी वर नेणाऱ्या नळीतून पाणी उलटं सायफन होतं, म्हणजे आपोआप खाली ओढलं जातं, आणि नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही.

हिशेब करून बघा. टँक वरच्याच मापाचा असेल, तर पातळी एक सेंटिमीटर उतरली की साधारण 4 लिटर खाली येतात. तोंड 6 सेंटिमीटर बुडालेलं असेल तर 24 लिटर. पाइपांतलं आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं दोन-तीन लिटर वेगळं. 60 × 30 च्या संपमध्ये एवढ्या पाण्याने पातळी 15 सेंटिमीटर चढते. तेवढी जागा रिकामी नसेल तर पाणी लादीवर, आणि मग खालच्या मजल्यावरच्यांची बेल.

रिटर्नचं तोंड पृष्ठभागाखाली दीड-दोन सेंटिमीटरवर आणा. नळीला पाण्याच्या रेषेच्या जेमतेम खाली 3-4 मिलिमीटरचं भोक पाडा. पातळी उतरताच त्यातून हवा शिरून सायफन तुटतो. शेवाळ हे भोक बुजवतं, म्हणून दर पंधरवड्याला टूथपिक फिरवा. मग मुद्दाम रिटर्न पंप बंद करा, पाणी उतरायचं थांबू द्या आणि पुन्हा चालू करा. चालू असतानाची संपमधली पातळी मार्करने आखा. त्या रेषेच्या वर पाणी कधीही भरू नका. हीच चाचणी दर महिन्याला.

इन्व्हर्टर असेल तर त्यावर रिटर्न पंप, हीटर किंवा दिवे न लावता एकच डीसी वेव्हमेकर लावा. 10-20 वॉटचा भार 150 एएचची चांगली बॅटरी रात्रभर पेलते. झोत पृष्ठभाग ढवळेल असा वर वळवा, कारण मे महिन्याच्या गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप घरात हवाच.

प्रश्न : ओव्हरफ्लो सतत गुडगुडतो, टँकमध्ये बारीक बुडबुडेही येतात. रिटर्न पंपाच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाशी बॉल व्हॉल्व्ह लावून पाणी कमी केलं तर चालेल? – एक वाचक, खारघर

उत्तर : पंपाची ओढणारी बाजू कधीच आवळू नका, पंप खराब होतो. डीसी असेल तर वेग कमी करा, एसी असेल तर बाहेर सोडणाऱ्या बाजूला व्हॉल्व्ह लावा. संपमधून ताशी टँकच्या चार-पाच पट पाणी गेलं तरी पुरे.

गुडगुड घालवायला मुख्य ड्रेनवर (ओव्हरफ्लो बॉक्समधून संपमध्ये उतरणाऱ्या पाइपावर) गेट व्हॉल्व्ह हवा. बॉल व्हॉल्व्ह केसभर फिरवला तरी फार फरक पडतो. पाव-पाव फेरा आवळत जा, प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांबा. बॉक्समधलं पाणी मुख्य पाइपाच्या तोंडावर चढून आपत्कालीन पाइपाच्या (मुख्य पाइप तुंबला तर पाणी उतरवणाऱ्या दुसऱ्या पाइपाच्या) तोंडाच्या जेमतेम खाली स्थिरावलं की आवाज बंद. आपत्कालीन पाइपाला व्हॉल्व्ह लावायचा नाही.

बुडबुडे बहुधा संपच्या शेवटच्या कप्प्यातलं पाणी उतरून पंप हवा ओढतोय म्हणून येत असावेत. बाष्पीभवनाची घट याच कप्प्यात दिसते, पंखा लावला की जास्तच. ती रोज आरओच्या गोड्या पाण्याने भरा. मिठाचं पाणी घालत राहिलात तर खारटपणा चढत जाईल.